सात फरश्यांचं अंतर

१

कॅमेऱ्यांच्या दुकानात मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा काहीच न घेता परत आले. दुकानदार सज्जन माणूस. पांढऱ्या मिश्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. चौथ्या खेपेला त्यांनीच विचारलं की ताई, तुम्हाला नेमका कशाचा फोटो काढायचाय. मी म्हटलं, फरशीचा.

ते हसले नाहीत, म्हणून मला आवडले.

माझे यजमान फरशी बसवायचं काम करत. चाळीस वर्षं केलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही चारचौघांत मिस्त्रीच म्हणते, समोर असले की 'अहो'. इस्पितळाचा लांबलचक व्हरांडा त्यांचा, पोस्टातला हॉल त्यांचा, मी ज्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालते तिथला जिनासुद्धा त्यांनीच केलेला. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. विचारलं तर उत्तर देत, जेवायला वाढलं तर जेवत. पण माणूस घरात असून मला दिवसदिवस त्याची चाहूल लागत नव्हती.

त्यात पोस्टातली फरशी उखडून नवी चकचकीत बसवली. ते मी त्यांना सांगितलं नाही. पण मनात आलं, बाकीच्या उखडायच्या आत सगळ्यांचे फोटो काढावेत, त्यांना दाखवावेत, कुठली कधी केली ते विचारावं. खरं सांगायचं तर फोटो हे निमित्त होतं. मला माझा माणूस खुर्चीतून उठवायचा होता.

फोनवर काढून पाहिले. फरशी चौकड्यांच्या चादरीसारखी सपाट दिसायची. आमची लेक दुसऱ्या गावी नोकरी करते, तिला पाठवले तर ती म्हणाली, आई, आता घेच एक चांगला कॅमेरा, जन्मात कधी स्वतःसाठी काही घेतलं आहेस का.

दुकानदारांनी दोन कॅमेरे माझ्यापुढे ठेवले. एक नवा, सगळं आपलं आपण करणारा. समोर माणूस आला की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटते आणि टिक असा बारीक आवाज होतो. दुसराही डिजिटलच, पण वापरलेला, आणि त्याला जुन्या काळची जाड लेन्स बसवलेली. तिच्यावरची रिंग हाताने फिरवायची. रिंगवर फुटांचे आकडे कोरलेले. वस्तू जितकी लांब तितक्या आकड्यावर ती स्पष्ट येणार, पुढचं मागचं सगळं धूसर. शेवटी आडवा झोपलेला आठ होता. ते म्हणाले, ही खूण अगदी लांबच्यासाठी, डोंगर, चंद्र वगैरे. त्यापुढे रिंग फिरत नाही. फरशीच्या कामाला तुम्हाला ती लागायची नाही.

दोन्ही घेऊन जा, आठवडाभर वापरा आणि मग ठरवा, असं म्हणून त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली. ओळख ना पाळख, पण विश्वास टाकला.

२

आमची बसायची खोली लहान आहे. लांबीला बारा फरश्या, रुंदीला नऊ. एकेक फरशी बरोबर एक फुटाची. ही मिस्त्रींनी आमच्या लग्नाच्या वर्षी बसवली आणि त्यांच्या मते हे त्यांचं सगळ्यात चोख काम. माझ्या टेबलाच्या कडेपासून त्यांच्या खुर्चीपर्यंत सात फरश्या. रोज ओला बोळा फिरवणाऱ्या बाईला हे मोजावं लागत नाही.

त्यांना एक जुनी खोड आहे. फरशी पक्की बसलीय की खालून पोकळ राहिलीय हे ते ठोकून आवाजावरून सांगतात. आता हातोडी नाही तर काठीनं ठोकतात. बसल्या बसल्या, काही विचार नसताना, ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक. स्वयंपाकघरात मला त्या आवाजाची सोबत असते.

मी आधी नवा कॅमेरा काढला. मजेचा होता. कपाटावर लेकीच्या लहानपणची बाहुली आहे, तिच्याभोवती टिक करून चौकट. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईभोवती चौकट. विजेच्या बोर्डाला दोन बटणं आणि खाली एक फट आहे, त्यालाही त्यानं तोंड समजून चौकट घातली. ते पाहून मिस्त्री हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं.

मग मी कॅमेरा त्यांच्यावर धरला.

चौकट उमटली नाही. पडदा धूसर झाला, स्पष्ट झाला, पुन्हा धूसर झाला. चौकट त्यांच्या खांद्यावरून सरकत गेली आणि बाहुलीवर जाऊन थांबली. टिक.

मिस्त्री म्हणाले, "बोर्डाला तोंड आहे आणि मला नाही होय? चांगलं यंत्र आणलंस."

मी खिडकी उघडली, उजेड केला, त्यांना हनुवटी वर करायला लावली. बऱ्याच वेळाने चौकट आली. फिकी होती आणि टिक झालंच नाही. मला वाटलं, नवशिकी आहे मी, हात हलत असेल.

३

दुसऱ्या दिवशी रिंगवाला घेतला. हा मला जड गेला, पण हातात बरा वाटला. शिवणयंत्राच्या चाकासारखी ती रिंग हळू फिरायची आणि धुक्यातून एकेक गोष्ट वर यायची. टेबलावरचा चष्मा, मग खुर्चीचा हात, मग मिस्त्रींची भुवई.

आधी सराव म्हणून मी त्यांचेच फोटो काढले. डोळे स्पष्ट आले की थांबायचं आणि आकडा वाचायचा. आठ आला. सात यायला हवा होता. एका फुटाचं काय एवढं, असं मी मनाशी म्हटलं.

बुधवारी अकरा आला.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि साध्या डोळ्यांनी पाहिलं. खुर्ची जिथे असते तिथे होती, पुढचे पाय सातव्या फरशीच्या सांध्यावर. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी काठी उचलली आणि फरशीवर टेकवली. मला काठी टेकलेली दिसली, आणि मग आवाज आला. ठक.

किती फरक होता म्हणून सांगू. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पण पस्तीस वर्षं ऐकलेला आवाज आहे. मी कान चोळले. मला सर्दी झाली होती, कानांना दडे बसल्यासारखं झालं होतं, त्याचंच असणार.

४

लेन्स बिघडली असेल असं मी मिस्त्रींना म्हटलं. सात फुटांवरच्या वस्तूला अकरा दाखवते. वस्तू म्हणजे ते स्वतः, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यानं लेन्सला दोष दिला असता. आमच्या मिस्त्रींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, फरशी वाढली असेल. म्हणजे त्या वेळी त्यांच्याकडून सांधे जाड राहिले असतील आणि सातच्या जागी साडेसात भरत असतील. पस्तीस वर्षांपूर्वीची आपली चूक आज पकडली गेली, असं त्यांना वाटलं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी हत्यारांची पेटी मागवली, त्यातला पोलादी टेप घेतला आणि चक्क गुडघ्यांवर बसले. टेपचं एक टोक मला धरायला दिलं. आम्ही दोघांनी रांगत रांगत अख्खी खोली मोजली. शेवटच्या भिंतीशी आकडा वाचून त्यांनी टेप सर्रकन सोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं लग्नानंतर पहिल्यांदा ही फरशी दाखवताना पाहिलं होतं.

"बारा म्हणजे बारा. केसाचा फरक नाही."

मग मात्र लेन्सची परीक्षा. सात फरश्यांवर स्टूल ठेवलं, रिंगवर सात आले. मागच्या भिंतीवरचं घड्याळ, बारा. मिस्त्रींनी मला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः टेबलापाशी बसून कॅमेरा डोळ्याला लावला आणि फरशीची पातळी बघतात तसा एक डोळा मिटून रिंग फिरवली.

"सात," ते म्हणाले. "तू जागेवर आहेस."

आता तुमची पाळी, मी म्हटलं. आम्ही जागा बदलल्या. मी रिंग सातवर आणली तर खुर्चीचा हात स्पष्ट होता आणि तिच्यात बसलेले मिस्त्री धूसर होते. अकरा. अजून धूसर. बारावर त्यांच्या मागचं घड्याळ स्पष्ट झालं, काटेसुद्धा दिसले. मी आणखी फिरवली. घड्याळ विरघळलं. पंधरावर त्यांचे डोळे आले. पांढरे खुंट, कपाळावरचा जुना व्रण, सगळं लख्ख. ते माझ्याकडे बघून हसत होते. भिंत बारा फुटांवर होती, ते भिंतीच्या अलीकडे बसले होते आणि पंधरा फुटांवर होते.

किती, असं त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हटलं.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. टेप पुसून त्यांनी पेटीत ठेवला.

५

मी घाबरायचं नाही असं ठरवलं आणि कामाला लागले. शाळा सुटल्यावर इस्पितळात जाऊन व्हरांड्याचे फोटो काढले. लेन्स एकदम शहाण्यासारखी वागली. ऊन तिरपं होतं आणि फरशीतली प्रत्येक काळी रेघ मोत्याच्या सरीसारखी दिसत होती. झाडणाऱ्या बाई थांबून म्हणाल्या की रोज झाडते पण एवढी देखणी आहे हे माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की घरी येताना मी जवळजवळ पळत आले.

मिस्त्रींच्या मांडीवर कॅमेरा ठेवून मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवला. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणी केलंय हे काम?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग ते हसले आणि म्हणाले, अगं गंमत केली, माझा हात मी ओळखणार नाही का. तिसऱ्या खांबाजवळ एक फरशी उलटी बसलीय तीही त्यांनी दाखवली. मीही हसले. पण हसायच्या आधी ते जरा थांबले होते, आणि तेवढा वेळ मला विसरता येईना.

त्या संध्याकाळी रिंग तीसवर गेली. तीस फूट म्हणजे रस्त्यापलीकडचं शिंप्याचं दुकान. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी पुढ्यात बसले, गुडघ्याला गुडघा लावून. तरी तीस. एका हातात कॅमेरा धरला आणि दुसरा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा ऊबदार होता, सुजलेला, माझ्या ओळखीचा. हाताला ते इथे होते. कॅमेऱ्यातून पाहिलं की माझा स्वतःचा हात धुक्यात बुडालेला, आणि त्या धुक्याच्या पार, तीस फुटांवर, मिस्त्री स्वच्छ दिसत.

"खरा आकडा किती येतो गं?" त्यांनी अचानक विचारलं.

मी कॅमेरा खाली घेतला.

"त्या दिवशी पण खोटं बोललीस. तू सात म्हणालीस तेव्हा तुझा हात रिंग फिरवून फिरवून पार पलीकडे गेला होता. मोजमापातला माणूस आहे मी."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, कुणीतरी एखाद्या खोलीचं माप सांगितल्यासारखी. मी विचारलं, तुम्हाला काही होतंय का, कुठे दुखतंय का, कुठे जावंसं वाटतंय का. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं.

"मी कुठे चाललोय? इथेच बसलोय की." मग ते म्हणाले, "तूच हल्ली हळू बोलतेस. दोन दोनदा विचारावं लागतं."

काठी टेकली. मी मनात एक म्हटलं, तेव्हा आवाज आला.

६

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती, डोळे, कान सगळं पाहिलं आणि वयाच्या मानाने उत्तम म्हणून सांगितलं. तपासताना मिस्त्री त्यांना म्हणाले की तुमच्या दाराशी दोन फरश्या पोकळ आहेत, बघून घ्या.

आठवडा भरला त्या दिवशी दोन्ही कॅमेरे घेऊन मी दुकानात गेले. लेन्स एकदा तपासा, अशी विनंती केली. दुकानदारांनी भिंग डोळ्याला लावलं, लेन्स भिंतीवरच्या तक्त्यासमोर धरली, माझ्यावर धरली, रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरली. ठणठणीत आहे, ताई, असं ते म्हणाले. त्यांचं प्रामाणिक मत असं पडलं की मी नवा कॅमेरा घ्यावा. नवशिक्या माणसाला तो सोपा. आपला आपण माणूस शोधतो, तुम्हाला काही करावं लागत नाही.

आदल्या दिवशी मी नवा पुन्हा लावून पाहिला होता. बाहुलीला टिक, बोर्डाला टिक. खुर्चीपाशी तो थांबतसुद्धा नव्हता. रिकाम्या खुर्चीवरून जावं तसा सरळ पुढे जात होता.

"त्याला माझा माणूस सापडत नाही," मी म्हटलं.

दुकानदारांना काय वाटलं कोण जाणे. रिंगवाला कॅमेरा त्यांनी मऊ कापडाने पुसला, पट्टा लावून दिला. ह्यात कष्ट आहेत, ते म्हणाले, दर वेळी तुम्हालाच शोधावं लागणार. मी म्हटलं, चालेल. रिंग फिरतेय तोवर शोधीन.

रस्ताभर मी तो पोटाशी धरून आणला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी घेतलेली वस्तू.

७

दुपारचं ऊन खोलीच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. मिस्त्री खुर्चीत होते. मी सांगितलं, हाच घेतला. त्यांनी मान डोलावली, आणि त्यांचं "बरं केलंस" मला ओठ मिटल्यावर ऐकू आलं.

मी टेबलावर पुस्तकांची चळत केली, तिच्यावर कॅमेरा ठेवला आणि रिंग फिरवायला लागले. खुर्ची आली आणि गेली. घड्याळ आलं आणि गेलं. मग बराच वेळ नुसतं धुकं. तीस, पन्नास. पुढे आकडे नव्हते, फक्त तो आडवा झोपलेला आठ. त्याच्या केसभर अलीकडे ते मला दिसले. इतके स्पष्ट की सदऱ्याचं वरचं बटण सैल झालेलं दिसलं. मला वाटलं, हे बटण आजच लावायला हवं.

ते आणखी केसभर लांब गेले की रिंग थांबणार होती. त्यापुढे शोधायची सोय नाही.

मी चिकटपट्टीचा तुकडा तोडून रिंग तिथेच पक्की केली. कॅमेऱ्याला दहा सेकंद थांबून आपोआप फोटो काढायला लावलं. सेकंद मोजायला लागला की तो बीप बीप असा आवाज करतो.

"अहो," मी मोठ्याने म्हटलं, "हलू नका हं. मी येतेय."

आणि निघाले.

सवयीने फरश्या मोजत गेले. एक, दोन, तीन. खाली मान घालून चालले होते, करडा ठिपका, काळी रेघ, सगळं ओळखीचं. पाच, सहा, सात. सातवीच्या सांध्यावर खुर्चीचा पाय असतो. तिथे सांधा होता आणि पुढे आठवी फरशी होती. मी मान वर केली नाही. नववी आली. दहावी. चोख बसवलेली, केसाचा फरक नसलेली. बारावीनंतर भिंत यायला हवी होती. मी मोजणं सोडून दिलं. मागे बीप बीप चालूच होतं, पण शेजारच्या घरातून यावं तसं, मग गल्लीच्या टोकाहून यावं तसं. दहा सेकंदांत माणूस किती चालणार. मी खूप चालले. पाय दुखायला लागले तेव्हा मिस्त्रींच्या चपला दिसल्या.

मी खुर्चीच्या हातावर टेकले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी असं पाहिलं असेल.

"आलीस?" ते म्हणाले. "केवढा उशीर."

ओठ हलले आणि आवाज आला, दोन्ही एकदमच. लांब कुठेतरी अगदी बारीक खट्ट झालं.

परत टेबलाशी येताना मी फरश्या मोजल्या नाहीत.

फोटो सुरेख आलाय. खोली पूर्ण धूसर आहे, खुर्ची ओळखूही येत नाही. आम्ही दोघं मात्र एकाच पट्ट्यात, दोघंही लख्ख. माझा पांढरा केस नि केस मोजता येतो.

तो मी लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. तिला फोटो फारच आवडला, बाबा किती छान हसलेत म्हणाली. मग तिनं विचारलं की हा कुठल्या मैदानावर काढलात. मी म्हटलं, अगं, घरीच, आपल्या खोलीत.

"आई, ऐकू येत नाहीये नीट," ती म्हणाली. "फोन तोंडाजवळ धर ना. खूप लांबून बोलल्यासारखं वाटतंय."

मी फोन ओठांना लावला आणि पुन्हा सांगितलं. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. उद्या करते, असं म्हणून तिनं ठेवला.

मी सुईदोरा घेतला आणि मिस्त्रींच्या सदऱ्याचं बटण लावायला बसले. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी काठी उचलली, फरशीवर टेकवली, आणि आवाज त्याच क्षणी आला.

ठक. पक्की.